‘प्रत्येक गोष्ट सांगावी लागते’ या शेऱ्याचं काय करायचं?

पत्र:

माझा मुलगा 21 वर्षांचा आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, अभ्यासात पहिल्यापासून हुशार. या सुट्टीत त्याने एका कंपनीत दोन महिने इंटर्नशिप केली. शेवटच्या दिवशी त्याला जो अभिप्राय मिळाला त्यात लिहिलं होतं, ‘हुशार आहे, नम्र आहे, वेळेवर येतो. मात्र प्रत्येक गोष्ट सांगावी लागते.’ तेव्हापासून तो गप्प गप्प असतो. विषय काढला की उठून जातो. हे म्हणतात, नोकरीला लागला की आपोआप शिकेल. मला तसं वाटत नाही. खरं सांगायचं तर त्याचे फॉर्म मी भरते, बँकेत फोन मी करते, प्रवासाची तिकिटं मीच काढते. त्याने अभ्यास करावा, बाकीचं आपण बघू, असंच आजवर चाललं. माझे तीन प्रश्न आहेत. त्याला कुठला कोर्स लावू? संभाषणकौशल्य, व्यक्तिमत्त्व विकास अशा बऱ्याच जाहिराती दिसतात. घरी मी काय करू शकते? आणि या शेऱ्याबद्दल त्याच्याशी बोलू कशी?

– एक आई

उत्तर:

प्रिय ताई,

तो शेरा ज्यांनी लिहिला त्यांचे आधी आभार मानायला हवेत. इंटर्नशिप संपली की बहुतेक ठिकाणी ‘काम समाधानकारक’ एवढं लिहून मोकळे होतात. इथे कोणीतरी तुमच्या मुलाकडे दोन महिने लक्ष दिलं, त्याचे गुण पाहिले आणि अडतं कुठे तेही सांगितलं. नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. हा शेरा मी अनेकांच्या बाबतीत ऐकला आहे, आणि त्यातली बरीच जण पुढे उत्तम काम करताना पाहिली आहेत. पण ‘आपोआप शिकेल’ हे मलाही पटत नाही. जी शिकली ती कोणीतरी शिकवलं म्हणून, नाहीतर स्वतः धडपडून शिकली.

आधी हा शेरा नेमका कशाबद्दल आहे ते बघू, कारण त्याचा अर्थ घरोघरी चुकीचा लावला जातो. मुलगा आळशी आहे किंवा त्याला समजत नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. कॉलेजमध्ये काम कसं मिळतं ते आठवा. प्रश्न छापील असतो, अभ्यासक्रम ठरलेला असतो, तारीख लिहिलेली असते, कशाला किती गुण हेही माहीत असतं. ऑफिसात यातलं काहीच नसतं. तिथे जाता जाता कोणीतरी म्हणतं, “जरा ती ग्राहकांची यादी बघून घे रे.” झालं, हेच काम!

आता यादी बघून घे म्हणजे काय करायचं? चुकलेले फोन नंबर दुरुस्त करायचे? दोनदा आलेली नावं काढायची? वर्षभरात ज्यांनी काहीच घेतलं नाही ते वेगळे करायचे? की उद्याच्या मीटिंगआधी नुसती नजर टाकायची? सांगणाऱ्याच्या डोक्यात उत्तर अगदी स्पष्ट असतं, म्हणून तर तो एवढंच बोलतो. ऐकणारा नवा असतो. “हो सर” म्हणून जागेवर येतो, यादी उघडतो आणि तिच्याकडे बघत बसतो. विचारलं तर आपण मठ्ठ ठरू अशी भीती असते. दोन तासांनी साहेब येतात, “झालं का?” विचारतात, तेव्हा काही झालेलं नसतं, किंवा भलतंच झालेलं असतं. असं चार-पाच वेळा झालं की शेरा तयार.

या जागी जे कौशल्य लागतं ते शिकता येतं आणि तसं छोटंसंच आहे. काम हातात येताच चार गोष्टी विचारून घ्यायच्या. हे कशासाठी लागणार आहे? कोण वापरणार आहे? कधीपर्यंत हवं आहे? आणि तयार झाल्यावर ते दिसायला कसं हवं? चारही प्रश्न दर वेळी विचारावे लागत नाहीत, पण पहिला मात्र कधी सोडू नये. ‘उद्या या सगळ्यांना फोन करायचे आहेत’ एवढं कळलं की नंबर बरोबर हवेत, दोनदा आलेली नावं काढायला हवीत, पत्त्यांचं आज नडत नाही, हे सगळं मुलगा स्वतःच ठरवू शकतो. पुढची दहा वाक्यं कोणी सांगावी लागत नाहीत.

मग ऐकलेलं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं. “म्हणजे मी नंबर तपासतो, दोनदा आलेली नावं काढतो आणि चार वाजेपर्यंत तुम्हाला मेल करतो, बरोबर?” विमानाच्या वैमानिकांना हे सक्तीचं असतं. नियंत्रण कक्षातून आलेली महत्त्वाची सूचना वैमानिक परत म्हणून दाखवतो, आणि ती बरोबर म्हटली आहे ना हे समोरचा कान देऊन ऐकतो. इतक्या अनुभवी माणसांना ज्यात कमीपणा वाटत नाही, त्यात 21 वर्षांच्या मुलाला वाटायचं कारण नाही. त्याला हे जरूर सांगा.

आता दुसरी गोष्ट, जी मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते. काम अडलं की गप्प बसायचं नाही.

नवीन मुलं अडचण लपवतात ती वाईट हेतूने लपवत नाहीत. स्वतः सोडवून मगच सांगू, असा त्यांचा प्रामाणिक विचार असतो. परीक्षेत शेजाऱ्याला विचारणं म्हणजे कॉपी, हे इतकी वर्षं मनावर बिंबवलेलं असतं. ऑफिसात उलटं असतं. सकाळी 11 वाजता कळलेली अडचण सहज सुटते, संध्याकाळी 6 वाजता कळलेलीने तिघांची कामं खोळंबतात. म्हणून एक मर्यादा घालून घ्यावी. अर्धा तास मनापासून प्रयत्न करायचा, नाही जमलं तर विचारायचं. आणि विचारायचं ते नीट.

नीट म्हणजे कसं ते दाखवते. नवा मुलगा बहुधा असा मेसेज टाकतो: “सर, फाइल ओपन होत नाहीये.” यावर साहेबांना तीन प्रश्न उलट विचारावे लागतात. कुठली फाइल? काय दिसतंय? काय करून पाहिलंस? ‘सांगावं लागतं’ची सुरुवात खरं तर इथेच होते. तोच मेसेज असा लिहिता येतो:

“सर, काल तुम्ही पाठवलेली मार्चच्या विक्रीची फाइल माझ्याकडे उघडत नाही, पासवर्ड मागते आहे. आधीच्या मेलमध्ये पासवर्ड शोधला, सापडला नाही. तुमच्याकडे असेल तर पाठवाल का? तोवर फेब्रुवारीचं काम पुढे नेतो. पासवर्ड 2 वाजेपर्यंत मिळाला तर मार्चचंही आजच पूर्ण होईल.”

काय अडलंय, काय करून पाहिलं, काय हवंय, तोवर काय करतो आणि उशीर झाला तर काय होईल, हे सगळं यात आलं. साहेबांना फक्त पासवर्ड पाठवायचा आहे. असा मेसेज लिहायला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, पण ती लिहिणाऱ्याची जातात, वाचणाऱ्याचा वेळ वाचतो. तुमच्या मुलाने इंटर्नशिपमध्ये पाठवलेले दोन-तीन मेसेज काढून याच पद्धतीने पुन्हा लिहून बघावेत. कुठल्याही वर्गापेक्षा यातून जास्त हाती लागेल.

शंका वेळेवर आणि लेखी पुढे न गेल्याने काय होऊ शकतं, याचं एक मोठं उदाहरण आहे. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळाजवळ पोहोचलं आणि नष्ट झालं. यान बनवणाऱ्या कंपनीच्या एका सॉफ्टवेअरमधून बलाचे आकडे पाउंडाच्या मापात येत होते आणि मार्ग आखणारे ते न्यूटनच्या मापातले समजून वापरत होते. दोन्हीकडे निष्णात माणसं होती. मार्ग आखणाऱ्यांपैकी काहींना आकडे जुळत नसल्याचं जाणवलंही होतं, पण अशा शंका नोंदवायची जी ठरलेली लेखी पद्धत होती ती वापरली गेली नाही, आणि शंका बोलण्यातच विरली. मुलाला हे सांगायचं ते घाबरवण्यासाठी नाही. ‘मला जुळत नाहीये, एकदा बघता का?’ असं लिहून पाठवणं हासुद्धा कामाचाच भाग आहे, आणि ते नवख्यालाही करता येतं, एवढं त्याला कळावं.

तिसरी गोष्ट एक्सेल. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण जवळजवळ प्रत्येक मुलगा रिझ्युमेमध्ये ‘एक्सेल येतं’ असं लिहितो आणि त्यातल्या थोड्यांनाच ते खरोखर येत असतं. आखलेल्या चौकटीत आकडे भरता येणं म्हणजे एक्सेल येणं नव्हे. माहिती अशी मांडायची की दुसऱ्या कोणालाही ती वापरता यावी. वर शीर्षकांची एकच ओळ. त्याखाली एका ओळीत एकच नोंद. एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती. मध्ये रिकाम्या ओळी नाहीत, शोभेसाठी जोडलेल्या चौकटी नाहीत. मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिची प्रत काढून त्यावर काम करायचं. सॉर्ट, फिल्टर, दोन याद्या एकमेकींशी ताडून बघायचं सूत्र आणि पिव्होट टेबल (लांब यादीची गटवार बेरीज दाखवणारा तक्ता), एवढं पक्कं असलं की सुरुवातीच्या नोकरीत बरंच निभावतं.

एक्सेल न विचारता काय काय करतं, हेही माहीत हवं. शून्याने सुरू होणारा नंबर टाकला तर पुढचं शून्य गाळून टाकतं. 15 पेक्षा जास्त आकडे असलेल्या नंबरात शेवटच्या आकड्यांचं शून्य करतं, त्यामुळे 16 आकडी कार्ड नंबर बिनबोभाट बिघडतो. असे रकाने आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचे असतात. तारखांचं तर विचारू नका. माणसाच्या काही जनुकांच्या नावांच्या खुणा (लघुरूपं) मार्च किंवा सप्टेंबर महिन्याच्या नावासारख्या होत्या, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने अशा खुणाच बदलल्या आणि 2020 मध्ये नावं देण्याच्या नव्या नियमांतही तशी काळजी घेतली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोरोनाच्या 15,841 रुग्णांची नोंद काही दिवस सरकारी आकडेवारीत आलीच नाही. माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती. त्या प्रकारात 65,536 ओळींच्या पुढे जागा नसते, त्यापुढच्या नोंदी गळून जात होत्या. रुग्णांना आपला निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायचं काम लांबलं. हे टाळण्यासाठी फार मोठं तांत्रिक ज्ञान लागत नाही. आत किती ओळी आल्या आणि बाहेर किती गेल्या, हे मोजून ताडून बघायची सवय लागते. मुलाने काम देताना शेवटी एक ओळ लिहावी: “मूळ यादीत 842 नावं होती, 31 दोनदा आलेली काढली, आता 811 आहेत.” असं लिहिणाऱ्या मुलावर साहेब दुसऱ्या आठवड्यापासून विश्वास टाकायला लागतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

एआयबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण आजच्या ऑफिसबद्दल बोलताना ते टाळता येणार नाही. तुमचा मुलगा चॅटबॉट वापरत असणारच, आणि वापरावाच. मेलचा मसुदा सुधारणं, अवघड सूत्र समजून घेणं, लांबलचक मजकुराचा सारांश काढणं, यांत त्याची खूप मदत होते. पण आपल्या नावाने जे पुढे जातं त्याची जबाबदारी आपली असते. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात वकिलांनी कोर्टात जुन्या निवाड्यांचे दाखले दिले. ते चॅटजीपीटीने रचलेले होते, असे निवाडे कधी झालेच नव्हते. निवाडे खरे आहेत का, हेसुद्धा एका वकिलाने चॅटबॉटलाच विचारलं होतं आणि त्याने हो म्हणून सांगितलं होतं! न्यायाधीशांनी 5,000 डॉलर दंड केला. तेव्हा नियम साधा ठेवावा. नाव, आकडा, तारीख, संदर्भ, जे काही एआयने दिलं ते मूळ ठिकाणी जाऊन तपासायचं. आणि ग्राहकांची माहिती, पगाराचे आकडे, कंपनीची अंतर्गत कागदपत्रं परवानगीशिवाय त्यात टाकायची नाहीत. नवी मुलं इथे निव्वळ अजाणतेपणी अडचणीत येतात.

आता तुमचे प्रश्न एकेक करून घेते.

कोर्स. जाहिरातीतले व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हस्तांदोलन कसं करावं, नजरेला नजर कशी द्यावी, यातून तुमच्या मुलाचा प्रश्न सुटणार नाही. तो नम्र आहेच, तसं लिहूनही दिलंय. वर वर्णन केलेली कामं करून घेणारा आणि केलेलं तपासून परत देणारा माणूस जिथे असेल, ते शिक्षण. एखाद्या वर्गाची चौकशी करायला गेलात तर तीन गोष्टी विचारा. मुलगा इथे स्वतः काय काय तयार करेल? ते कोण तपासेल? चुकलेलं पुन्हा करून घेतलं जाईल का? उत्तरात प्रमाणपत्राचाच विषय पुढे येत असेल तर पैसे वाचवा.

जर्मनीत व्यवसाय शिक्षणाची जी व्यवस्था आहे तिच्याकडे मी नेहमी बोट दाखवते. 1969 च्या कायद्याने तिला देशभर एकसारखा आधार मिळाला. तिथली तरुण मुलं साधारणपणे आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत खरं काम करतात आणि एक-दोन दिवस शाळेत शिकतात, असं दोन ते साडेतीन वर्षं. 300 हून जास्त व्यवसायांसाठी ही सोय आहे, त्यात कारखान्यांबरोबर बँका आणि कार्यालयंही येतात. तिथे नवशिक्याला कंपनीत शिकवणारा माणूस नेमलेला असतो आणि शिकवणं हे त्याचं काम मानलं जातं. अशी व्यवस्था हाताशी नसेल तर तिच्यातला गाभा तरी उचलता येतो. शेवटचं वर्ष संपेपर्यंत मुलाने आठवड्यातले काही तास दुसऱ्या कोणासाठी तरी खरं काम करावं. एखाद्या संस्थेचे हिशेब, वाचनालयाची सूची, ओळखीच्या व्यावसायिकाची बिलं, कॉलेजच्या कार्यक्रमाची नोंदणी. काम लहान चालेल. ते वेळेवर झालं नाही तर कोणाचं तरी अडेल, असं मात्र हवं. घरच्या घरी केलेल्या नमुना प्रकल्पात नेमकं हेच नसतं.

घरी काय करायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. ‘माझंच चुकलं का’ असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्रातून ते ऐकू येतं. तुम्ही प्रेमापोटी केलंत आणि त्यामुळे त्याला अभ्यासाला वेळ मिळाला. त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. आता फक्त कामं त्याच्याकडे द्यायची आहेत, आणि तीही अर्धवट नकोत.

फॉर्म तू भर, मी तपासते, असं केलं तर तपासणं तुमच्याकडेच राहतं आणि तो निर्धास्त असतो. फॉर्म म्हणजे शेवटची तारीख लक्षात ठेवण्यापासून पावती जपून ठेवण्यापर्यंत सगळं. त्याचं बँकेचं काम म्हणजे फोन लावणं, नंबर लागेपर्यंत थांबणं, तक्रार क्रमांक लिहून घेणं, आठ दिवसांनी पुन्हा विचारणं. तिकिटं म्हणजे तारीख बदलली तर रद्द करून पैसे परत मिळवणंही. सुरुवातीला तीनच कामं द्या आणि ‘हे तुझं’ असं स्पष्ट सांगा. एखादी तारीख हुकली, दंड बसला तर तो त्याने भरावा. ज्या चुकीची भरपाई होऊ शकते ती होऊ द्यावी. परीक्षेचा अर्ज, आरोग्य, मोठी रक्कम अशा बाबतीत मात्र तुम्ही लक्ष ठेवलंत तर त्यात काही गैर नाही. ते कधी सोडायचं हे पुढे तुम्हालाच कळेल.

आणि फोन. ही पिढी टाइप करण्यात पटाईत आहे, पण अनोळखी माणसाला फोन लावायचा म्हटलं की हात थबकतो. यावर उपाय सवयीचाच आहे. फोन करण्याआधी कागदावर तीन ओळी लिहायच्या: मी कोण, कशासाठी फोन केला, मला काय हवंय. बोलताना समोरच्याचं नाव आणि सांगितलेली तारीख टिपून घ्यायची. शेवटी “म्हणजे शुक्रवारपर्यंत होईल ना?” एवढं विचारून ठेवायचं. पहिले काही फोन तो खोलीत दार लावून करेल. करू दे. तुम्ही बाहेरून काही सुचवू नका, हे तुम्हाला जरा जड जाईल.

तिसरा प्रश्न सगळ्यात नाजूक. शेऱ्याबद्दल तुम्ही बोलायला गेलात की तो उठून जातो, कारण त्याच्या दृष्टीने तो न्यायनिवाडा आहे आणि आता आईही त्यात सामील झाली. तेव्हा शेरा बरोबर की चूक, हा विषयच काढू नका. फक्त एवढं विचारा: “तिथे कुठल्या कामात तुला सगळ्यात जास्त अडल्यासारखं झालं?” आणि मग ऐका. शेरा एकतर्फी असण्याचीही शक्यता आहे. काही ठिकाणी नवीन मुलाला काम सांगायला कोणाला फुरसतच नसते, विचारलं तर तिरकं उत्तर मिळतं, आणि वर ठपकाही मुलावर येतो. तसं झालं असेल तर ते त्याच्या तोंडून बाहेर पडू द्या, खोडून काढू नका. विचारायची भीती कुठून आली ते कळल्याशिवाय ती जाणार नाही.

तो जरा मोकळा झाला की हे माझं उत्तर त्याला वाचायला द्या. त्याच्या मनाची तयारी असेल तर शेरा लिहिणाऱ्यांना त्याने स्वतः एक मेल पाठवावा. साधारण असा:

“सर, इंटर्नशिपच्या अभिप्रायाबद्दल आभार. ‘प्रत्येक गोष्ट सांगावी लागते’ हा मुद्दा मला सुधारायचा आहे. असं घडलेले एक-दोन प्रसंग तुम्हाला आठवत असतील तर सांगाल का? त्या वेळी मी काय करायला हवं होतं, तेही कळलं तर मदत होईल. तुमच्या सोयीने 10 मिनिटं फोनवर बोलायलाही मी तयार आहे. माझा नंबर खाली दिला आहे.”

यात सफाई नको, वाद नको, ‘पण मला कोणी सांगितलंच नाही’ हेही नको. मेल त्यानेच लिहावा, तुम्ही दुरुस्त करू नका. शुद्धलेखनाची एखादी चूक राहिली तरी चालेल. बहुतेक वरिष्ठांना असा मेल आला की मनापासून बरं वाटतं, आणि पुढे कुठे जागा निघाली तर हाच मुलगा त्यांना आठवतो. उत्तर आलं तर त्याच दिवशी आभार मानावेत आणि सांगितलेले प्रसंग वहीत लिहून ठेवावेत, पुढच्या मुलाखतीत ‘तुमच्यातली एखादी उणीव सांगा’ असं विचारतात तेव्हा प्रामाणिक उत्तर तयार असेल. आठ-दहा दिवसांत काहीच आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करावी. तरीही नाही आलं तर तो विषय सोडावा आणि जे हिशेबाचं किंवा सूचीचं काम हाती घेतलं असेल, तिथल्या माणसाला महिन्याच्या शेवटी हाच प्रश्न विचारावा.